गळ्यावरील गाठ घरच्या घरी कशी ओळखावी?

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सीमेवरील तालुक्यांत गळ्यावरची सूज अनेकदा पदराआड किंवा दागिन्यांखाली झाकून ठेवली जाते. दुखत नाही म्हणून वर्षे निघून जातात. म्हणून ही माहिती आम्ही देत आहोत.

गळ्याच्या पुढील भागात, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची अवटु म्हणजेच थायरॉईड ग्रंथी असते. तिची वाढ म्हणजे गलगंड. सुश्रुतसंहितेतही या विकाराचे वर्णन आहे. आयोडीनची कमतरता हे त्याचे एक प्रमुख कारण. भारत सरकारने १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर बंदी आहे. तथापि आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्यांनाही गाठ होऊ शकते.

तपासणीची रीत सोपी आहे :
१. गळ्यातील दागिने काढून उजेडात आरशासमोर बसावे.
२. मान किंचित मागे करून पाण्याचा घोट घ्यावा.
३. घोट गिळताना कंठमणी व गळपट्टीचे हाड यांमधील भागाकडे पाहावे. कंठमणी वर-खाली होतो, त्यास गाठ समजू नये.
४. बोटांनी हलकेच चाचपावे, दाबू नये.

एका बाजूस फुगवटा दिसला, तर डॉक्टरांना दाखवावे. गाठ कठीण असेल, झपाट्याने वाढत असेल, आवाज बसला असेल, गिळताना वा श्वास घेताना त्रास होत असेल, तर मुळीच विलंब करू नये. लेप लावून वाट पाहण्यात वेळ जातो. गरजेनुसार रक्ताची तपासणी, सोनोग्राफी आणि बारीक सुईने पेशींची तपासणी केली जाते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे ध्यानात ठेवून निर्भयपणे जावे.

या रीतीची मर्यादाही सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. लहान गाठी हातास लागत नाहीत आणि गळा सपाट असूनही ग्रंथीचे कार्य बिघडलेले असू शकते. उलट, काही तक्रार नसताना सरसकट सोनोग्राफी करणेही हिताचे नाही. दक्षिण कोरियात तसे झाल्यावर १९९३ ते २०११ या काळात थायरॉईड कर्करोगाचे निदान सुमारे पंधरा पटींनी वाढले, परंतु त्याने होणारे मृत्यू घटले नाहीत.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी ही रीत सुना-लेकींना दाखवावी आणि स्वतःचाही गळा एकदा आरशात पाहावा, ही विनंती.