दिवाळीचं देणं

दिवाळीचे दिवस ओळीने मांडले तर कोणाकोणाचे आभार मानायचे याचा क्रमच दिसतो. वसुबारसेला गाय आणि वासरू. त्या दिवशी बऱ्याच घरांत दूध-तूप वर्ज्य, पानात बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. धनत्रयोदशीला धन्वंतरी आणि धणे-गूळ. लक्ष्मीपूजनाला चोपड्या, दागिने आणि लक्ष्मी म्हणून पुजायची नवी केरसुणी. पाडव्याला नवरा, बीजेला भाऊ. पण ज्यांच्या हातांवर हा सण उभा राहतो त्यांच्यासाठी पंचांगात तिथी नाही. पणती घडवणारा कुंभार, केरसुणी बांधणारा मांग, पहाटे पाणी तापवणारी आणि आठवडाभर कढईसमोर बसणारी बाई, यांचं देणं रीतीभातीने भागायचं. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ती रीत कशी बदलत गेली, त्याचा हा मागोवा.

सुरुवात गावापासून करू. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झालं. कोणत्या बलुतेदाराने कुणब्याचं कोणतं काम करायचं आणि त्याबद्दल खळ्यावर धान्याचा किती वाटा, म्हणजे बलुतं, न्यायचा, याची इतकी बारीक नोंद मराठीत त्याआधी क्वचितच झाली असेल. सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार, चांभार, गुरव, महार, मांग यांची कामं वर्षभर चालायची आणि हिशेब सुगीला व्हायचा. सणावाराला त्यावर वेगळं काही मिळायचं: पोळी, फराळ, जुनं लुगडं, एखादं नाणं. दारात आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही हा घरचा दंडक. आजीच्या तोंडून त्या दिवाळ्यांच्या आठवणी ऐकताना हा भाग फार उबदार वाटतो. सुपात लाडू-करंज्या काढून ठेवलेल्या असत, ‘त्यांच्या वाट्याचं’ म्हणून.

त्याच सुपाकडे अंगणाबाहेरून पाहिलं की चित्र बदलतं. शिंदीच्या पानांची केरसुणी बांधायची हे मांगांचं काम. लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू लागे, तिच्यापुढे लाह्या-बत्तासे ठेवले जात, आणि ती बांधणाऱ्याला उंबरठ्याच्या आत पाऊल टाकता येत नसे. त्याला मिळणारं वरून टाकलेलं असे. देणारा ते प्रेमाने देत असेलही. पण किती द्यायचं, कधी द्यायचं, शिळं द्यायचं की ताजं, हे तोच ठरवत होता.

हे दुखणं नेमकं ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या, म्हणजे वंशपरंपरागत गावकामाच्या, कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. महारांच्या कामाला बलुत्याऐवजी ठरलेला मोबदला मिळावा, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. विरोध एवढा झाला की पुढच्या वर्षी ते मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ ग्रामवतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. त्यानंतरही वीस वर्षांनी, १९७८ मध्ये, दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिलं, तेव्हा वरच्या आळीतल्या पुष्कळ वाचकांना कळलं की आपल्या आठवणीतल्या सढळ हातासमोर एक पसरलेला हातही होता आणि त्यालाही आठवणी होत्या.

गाव सोडून मुंबईला आलेल्यांनी सण बरोबर आणला. बलुतं मात्र गावातच राहिलं. गिरणीत पगार रोख मिळायचा, मालक दिसायचाही नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर कापडाला बरकत आली तेव्हा गिरणीमालक वर्षाकाठी बोनस देऊ लागले. चार-पाच वर्षांत कामगारांनी तो घरखर्चात धरला. मग मंदी आली, मालकांनी हात आखडता घेतला आणि जानेवारी १९२४ मध्ये दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. सरकारने चौकशी समिती नेमली. तिचा निष्कर्ष असा होता की कामगारांना बोनसवर कायद्याने हक्क सांगता येणार नाही. बोनस म्हणजे मालकाची खुशी. संप दोनेक महिने चालून फसला.

खुशीपासून हक्कापर्यंत यायला आणखी चाळीस वर्षं लागली. लढे झाले, लवाद बसले, सूत्रं ठरली आणि १९६५ मध्ये बोनसचा कायदा आला. त्यातला किमान दर पुढे ८.३३ टक्के झाला. हा आकडा वरवर विचित्र वाटतो, पण शंभराला बाराने भागून पाहावं: वर्षाच्या पगारातला एक महिना, म्हणजे तेरावा पगार. गिरणगावातल्या कितीतरी घरांची दिवाळी याच पगारावर ठरायची. मुलांचे कपडे, गावी पाठवायची मनीऑर्डर, दुकानदाराची थकलेली उधारी, बायकोला पाडव्याचं लुगडं. १९८१ च्या दिवाळीआधी याच बोनसवरून गिरण्यांत ठिणगी पडली आणि १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्याच संपत गेल्या. त्या चाळींत पुढच्या काही दिवाळ्या कशा गेल्या असतील ते वेगळं सांगायला नको.

याच गिरणगावात आभाराचा आणखी एक धडा मिळतो, आणि तो बायकांकडून. एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया आधीच्या संपांच्या दिवसांतही उधारीवर ताटं वाढत राहत. नवऱ्याचा पगार बंद, वाण्याचा तगादा सुरू, तरी पंगत चालू. संपानंतर कामगारांनी हात जोडले असतील, पण वाण्याचं बिल हात जोडून फिटत नाही. कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, आणि त्यांच्या हाताला व्यवसायाचा दर्जा आला.

आता घरात शिरू. घरातला व्यवहार अवघड, कारण तिथे ना बलुतं ना बोनस. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये (१९३५) ‘आनंदाची दिवाळी’ नावाचं प्रकरण आहे. आईला भाऊबीजेचे पैसे येतात आणि ती त्यातून वडिलांसाठी नवं धोतर घेते, कारण त्यांचं फाटलेलं धोतर तिला रोज दिसत असतं. कोकणातल्या ओढगस्तीच्या घरातली ही गोष्ट तीन पिढ्यांनी डोळे पुसत वाचली. भावाने बहिणीला दिलेलं नवऱ्याच्या अंगावर गेलं, घरभर आनंद झाला. आज वाचताना मनात येतं की तिच्या स्वतःच्या लुगड्याचं काय? तो प्रश्न त्या घरात कोणाला पडला नाही, वाचणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना पडला असावा.

फराळाचंही तेच. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. दोन्हींनी घराघरांतलं कसब कागदावर आणलं, आणि या कामात किती विद्या आहे ते तिथे पानोपानी दिसतं. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चकलीची भाजणी किती खमंग भाजायची, करंजीला साटा कसा लावायचा, पाक एकतारी की दोनतारी हे बोटांनी ठरवायचं. आणि या सगळ्यावर घरातून येणारी पावती काय? “यंदा चकली जरा कडक झालीय.” कौतुक करायचं असेल तर चिवड्याचा डबा लवकर संपवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. डबा संपला की तो पुन्हा भरायचा कोणी, हे ठरलेलंच.

बायकांनी यावर आपापसांत तोड काढली होती. आज हिच्याकडे करंज्या लाटायच्या, उद्या तिच्याकडे. चाळीत आणि वाड्यात दुपारची जेवणं उरकली की पोळपाट-लाटणं काखोटीला मारून बाया निघत. घामाची परतफेड घामाने व्हायची, कुणी कुणाचे आभार मानत नसे आणि कुणाचं काही बाकीही राहत नसे. फराळाची ताटंही अशीच फिरत. ताट रिकामं परत द्यायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी ठेवायची. ईदला शेजारून शिरखुर्मा यायचा, नाताळात वसईकडच्या घरांतून गोडाधोडाची ताटं. गोव्यात आणि तळकोकणात नरकचतुर्दशीला नव्या भाताचे पोहे होतात, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, आणि माणसं एकमेकांच्या घरी जाऊन ते खातात. तिथे यजमान आणि पाहुणा सकाळभर जागा बदलत असतात. शंभर वर्षांच्या या मागोव्यात मला सर्वांत निर्मळ वाटते ती ही बरोबरीची देवघेव. तिचीही मर्यादा होतीच: ताट फिरे ते ज्यांच्या घरचं खाल्लेलं चालतं त्यांच्यातच.

युद्धाने आणि दुष्काळाने हे गणित वेळोवेळी बिघडवलं. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग आलं आणि साखर कार्डावर मोजून मिळू लागली. तुपाची जागा डालडाने घेतली. तो १९३७ मध्येच बाजारात आला होता. १९७२ च्या दुष्काळात खेड्यापाड्यांत लोकांनी मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्या वर्षीच्या दिवाळीबद्दल बोलायला जुनी माणसं फारशी राजी नसतात.

मग शहरं वाढली, बायका नोकरीला लागल्या. पुण्यात चितळ्यांचं दुकान १९५० पासूनचं, पण घरचा फराळ विकत आणणं प्रतिष्ठेचं व्हायला बराच काळ गेला. सुरुवातीला अनारसे आणि चिरोटे गुपचूप बाहेरून यायचे, नंतर उघडपणे सगळंच. आज बचतगटांच्या स्टॉलवरून किलोच्या भावाने चकल्या घेताना पूर्वी कधीच न झालेली एक गोष्ट होते: चकली तळणारीला पैसे मिळतात. घरचा फराळ गेला म्हणून हळहळणाऱ्यांनी हा भाग जरूर लक्षात घ्यावा.

घरकामाला येणाऱ्या बाईची गोष्टही अशीच पुढे सरकली. पूर्वी दिवाळीला तिच्या हातावर साडी आणि फराळाची पुडी ठेवली जायची, घरमालकिणीच्या मर्जीप्रमाणे. १९८० मध्ये पुण्यात घरकामगार बायकांनी संप केला, त्यातून मोलकरीण संघटना उभी राहिली, आणि पगारवाढ, पगारी सुट्टी हे शब्द स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी पहिल्यांदा मोठ्याने बोलले गेले. आज शहरांतल्या अनेक घरांत दिवाळीला एक महिन्याचा जादा पगार देण्याची पद्धत पडली आहे. गिरणीतला तेरावा पगार असा मागच्या दाराने घरात आला. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. त्याची अंमलबजावणी अजून अडखळतेच आहे.

सरकारही भाऊ होतं. राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना दिवाळीला ‘भाऊबीज भेट’ म्हणून दोन हजार रुपये मिळत आले आहेत. वर्षभराच्या कामाला वेतन नाही, मानधन. आणि वर्षाकाठी ओवाळणी. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आपण सर्वांनी गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या, आरोग्य सेवेतल्या लोकांसाठी. सव्वा वर्षाने, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या सुमारे सत्तर हजार आशा सेविका मोबदल्यासाठी संपावर गेल्या. थाळी वाजवणाऱ्यांचा भाव खोटा नव्हता. पण तो आशाताईंच्या बँकखात्यापर्यंत पोचला नव्हता.

हल्ली घरोघरी कृतज्ञतेची वही लिहायचा सल्ला दिला जातो. त्यामागे संशोधनही आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं की आठवड्यातून एकदा आपल्या वाट्याला आलेल्या चांगल्या गोष्टी लिहून काढणाऱ्यांना आयुष्याबद्दल अधिक समाधान वाटू लागलं. वही जरूर लिहावी, मुलांकडूनही लिहून घ्यावी. पण त्या वहीने बरं वाटतं ते लिहिणाऱ्याला. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्या पदरात काय पडलं, याची नोंद वेगळी ठेवावी लागते.

या शंभर वर्षांत दिवाळीच्या देण्याचं जे जे भलं झालं, ते देणाऱ्याचं मन मोठं झालं म्हणून थोडं आणि घेणाऱ्याने आपला वाटा मागून घेतला म्हणून जास्त. बलुत्याची मजुरी झाली, खुशीचा बोनस कायद्यात बसला, साडीचा जादा पगार झाला, चकलीला भाव आला. मागे राहिलं ते स्वयंपाकघर, कारण आईने संप केल्याची नोंद आपल्या इतिहासात सहसा सापडत नाही. तेव्हा यंदा पाडव्याला तिचे आभार मानायचे असतील तर साडीच्या घडीत पाकीट ठेवून ते होणार नाही. भाजणी दळून कोण आणणार, सारण कोण भाजणार, कढईसमोर पहिला तास कोणाचा आणि दुसरा कोणाचा, हे घरातल्या सगळ्यांनी वसुबारसेच्या आधी बसून ठरवावं, आणि त्या वाटणीत बाप्यांची नावंही असावीत. चकल्या कडक झाल्या तर होऊ द्याव्यात.