विरारहून मुंबई फिरायची? ‘फ्री पास’च्या लिंकआधी खिशातला पास बघा

‘मुंबईत मोफत प्रवास, लिंकवर क्लिक करा आणि पास मिळवा’ असा मेसेज ग्रुपवर आला, तर बोट थांबवा. लोकल, मेट्रो आणि बस या तिन्हींवर चालणारा सगळ्यांसाठीचा मोफत पास मुंबईत नाही. पण वसई-विरारमधून कॉलेजला किंवा कामाला जाणाऱ्या अनेकांच्या खिशात लोकलचा पास आधीच असतो. तो नीट वापरला, तर सुट्टीच्या दिवशी मुंबई फिरणं खूप स्वस्तात होतं. कसं ते बघूया.

खरंच फ्री काय आहे?

रेल्वेच्या सवलतींच्या यादीत एक मोफत पास खरंच आहे. मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शिक्षणसंस्था असा सेकंड क्लासचा मासिक पास मोफत देण्याची तरतूद त्यात आहे. बाकी विद्यार्थ्यांना सीझन पासवर निम्मी सवलत मिळते. याचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसमधून सही-शिक्क्यासह मिळतो, त्यामुळे चौकशी तिथेच करा.

घरात ७५ वर्षांपुढचे आजी-आजोबा असतील, तर त्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट लागतं. पण या एसटीच्या सवलती आहेत, लोकलला किंवा बेस्टला त्या चालत नाहीत.

म्हणजे खऱ्या सवलतीला ओळखपत्र किंवा फॉर्म लागतो. अनोळखी लिंकवर आधार नंबर आणि ओटीपी द्यावा लागत नाही.

पास रविवारीही चालतो

समजा तुमचा पास विरार ते चर्चगेट आहे. हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. पासची मुदत संपेपर्यंत या पट्ट्यात कितीही वेळा जा, मधल्या कुठल्याही स्टेशनवर उतरा, पुन्हा चढा. पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच भरलेले असतात, म्हणून रविवारच्या जादा फेरीचा खर्च शून्य! आपल्यासाठी खरा ‘फ्री पास’ तो हाच.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. सेकंड क्लासचा पास एसी लोकलमध्ये आणि फर्स्ट क्लासमध्ये चालत नाही. आणि पासवरच्या शेवटच्या स्टेशनपुढे जायचं असेल, तर वेगळं तिकीट लागतं. चुकलात तर भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड भरावा लागतो.

पास वापरून एक गोल फेरी

विरार, नालासोपारा किंवा वसई रोडहून लोकलने अंधेरीला उतरा. तिथून पुलावरूनच मेट्रो १ चं स्टेशन गाठता येतं. घाटकोपरच्या दिशेने मरोळ नाक्यापर्यंत जा आणि तिथे भुयारी मेट्रो ३ पकडा. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मेट्रो आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झाली. एकूण ३३.५ किलोमीटर आणि २७ स्टेशनं. वाटेत बीकेसी, सिद्धिविनायक, सीएसएमटी, हुतात्मा चौक लागतात. चर्चगेट मेट्रो स्टेशनला बाहेर या, मरीन ड्राइव्हवर फिरा आणि चर्चगेटहून लोकलने घरी या.

या फेरीत खिशातून फक्त दोन मेट्रोंचं भाडं जातं. मेट्रो १ चं भाडं १० ते ४० रुपये आहे आणि मेट्रो ३ चं १० ते ७० रुपये. पास फक्त अंधेरीपर्यंतचा असेल, तर येताना चर्चगेट ते अंधेरी तिकीट काढा. रविवारी निघण्याआधी पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक आहे का, तेही बघा.

दिवसाचा पास कधी परवडतो?

बेस्टचा दिवसाचा पास मे २०२५ च्या भाडेवाढीत ७५ रुपये झाला. साध्या बसचं किमान भाडं १० रुपये. म्हणजे जवळजवळचेच प्रवास असतील, तर आठव्या बसला पास वसूल होतो. दोन-तीन बस पकडणार असाल तर सुटं तिकीटच बरं.

मेट्रो २ए आणि ७ साठी एका दिवसाचा अमर्याद पास ८० रुपयांचा आणि तीन दिवसांचा २०० रुपयांचा आणला गेला. तो मेट्रो १ आणि ३ वर चालत नाही. आधी फेऱ्या मोजा, मग पास घ्या.

ॲप, कार्ड आणि पास या वेगळ्या गोष्टी

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ ॲप आलं. त्यात लोकल, मेट्रो, मोनोरेल, बेस्ट आणि ठाणे, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबईच्या बस अशा ११ सेवांची तिकिटं एकाच ठिकाणी मिळतात. पण हे दुकान आहे, पास नाही. प्रत्येक सेवेचं भाडं भरावंच लागतं. आणि सुरुवातीच्या त्या ११ नावांत आपली वसई-विरारची परिवहन सेवा नव्हती. त्यामुळे घर ते स्टेशन या टप्प्यासाठी सुटे पैसे जवळ ठेवा.

एनसीएमसी कार्ड म्हणजे पाकीट. त्यातला बॅलन्स कार्डच्या चिपमध्येच साठवलेला असतो. म्हणून गेटवर टॅप केलं की सर्व्हरला न विचारताच पैसे कापले जातात आणि फोनला रेंज नसली तरी अडत नाही. फोनवरून टॉप-अप केलं, तर ते पैसे चिपवर उतरवण्यासाठी कार्ड मशीनला एकदा लावावं लागतं. हे कार्ड मेट्रो २ए, ७, ३ आणि बेस्टमध्ये चालतं, लोकलला नाही.

टीसी समोर आल्यावर

मोबाइलवरचा लोकलचा पास ॲप उघडूनच दाखवायचा असतो, स्क्रीनशॉट चालत नाही. फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीट ठरता. म्हणून पॉवर बँक बरोबर ठेवा.

रेल्वेचं पेपरलेस तिकीट घरून किंवा रस्त्यातच काढा. ॲप जीपीएसने तुमची जागा तपासतं आणि रुळांजवळ किंवा गाडीत असाल तर बुकिंग अडवतं. नाहीतर टीसी दिसल्यावरच लोक तिकीट काढतील ना! मेट्रो ३ चं तिकीटही खाली उतरण्याआधीच काढा, भुयारात रेंज मिळेलच असं नाही.

तर या रविवारी निघण्याआधी एवढंच करा: पासवर छापलेली दोन स्टेशनं आणि मुदतीची तारीख वाचा. कुठवर फुकटात फिरता येईल, ते तिथेच लिहिलेलं आहे.