व्यक्तिमत्त्व आणि अपत्यसंख्या
व्यक्तिमत्त्व आणि अपत्यसंख्या यांचा परस्परसंबंध हा मानसशास्त्र व लोकसंख्याशास्त्र यांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. मूल होते की नाही, केव्हा होते आणि किती होतात, हे प्रामुख्याने विवाहाचे वय, शिक्षण, मिळकत आणि गर्भनिरोधनाची साधने यांवर अवलंबून असते. ही सर्व परिस्थिती सारखी असतानाही उरणाऱ्या फरकाचा काही भाग स्वभावातून येतो, असे या विषयाचे अभ्यासक मानतात.

स्वभावगुण

या अभ्यासांत बहुधा पाच गुणांची मोजणी केली जाते : बहिर्मुखता, चिंताशीलता, कर्तव्यदक्षता, सौजन्य आणि नव्या अनुभवांविषयीची ओढ. पाश्चात्त्य देशांत बहिर्मुख व्यक्तींना सरासरीने अधिक, तर चिंताशील आणि नवतेची ओढ असलेल्या व्यक्तींना कमी अपत्ये असल्याचे वारंवार आढळले आहे. नॉर्वेमध्ये कर्तव्यदक्ष स्त्रियांना अपत्ये कमी असल्याचे दिसले; तेथील पुरुषांच्या बाबतीत स्वभावाचा प्रभाव अलीकडच्या पिढ्यांत वाढला आहे.

हे निष्कर्ष सार्वत्रिक मानता येत नाहीत. सेनेगलमधील ग्रामीण, बहुपत्नीक समाजाच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अधिक चिंताशील स्त्रियांनाच अधिक अपत्ये होती. म्हणजे एकच गुण एका समाजात अपत्यसंख्या घटवतो, तर दुसऱ्यात वाढवतो. अपत्य हा जेथे वैयक्तिक निवडीचा विषय असतो, तेथे काळजी करणारा माणूस थांबतो. जेथे तशी निवडच नसते, तेथे त्याच्या काळजीला थांबण्याची वाट नसते.

महाराष्ट्र

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १९९२-९३ मध्ये सुमारे २.९ होता, २०१९-२१ मध्ये तो १.७ झाला. एका पिढीत झालेली ही घट स्वभावपालटाने झालेली नाही, हे उघड आहे. विवाह जवळजवळ सर्वांचाच होतो, पहिले मूल लवकर होते आणि दुसऱ्यानंतर बहुतेक वेळा स्त्रीची शस्त्रक्रिया होते. राज्यातील सुमारे निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांचे प्रमाण नगण्य आहे. ‘दोन पुरेत’ हा निर्णय घरातील स्त्रीचा, पतीचा की सासूचा, याचा उलगडा अशा आकड्यांतून होत नाही. स्वभावाला वाव उरतो तो मुख्यतः दोन टोकांना : एकही मूल नको म्हणण्यात, किंवा रूढ संख्येपलीकडे जाण्यात.

पहिल्या टोकाचे मराठीतील सुपरिचित उदाहरण रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांचे आहे. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. या कार्यापायी त्यांना गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. अश्लीलतेचे खटलेही झाले; १९३४ मधील खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. त्यांनी व पत्नी मालतीबाई यांनी मूल होऊ न देण्याचे ठरविले आणि ते पाळले. मालतीबाईंच्या संमतीवाचून हे शक्य नव्हते. तिची नोंद मात्र फारशी घेतली जात नाही.

त्याच घरातील त्यांचे बंधू दिनकर व इरावती कर्वे या दांपत्याला तीन अपत्ये होती. पिता तेच, समाज तोच, संततिनियमनाचे ज्ञान दोघा भावांना सारखेच सुलभ. तरीही हा फरक केवळ स्वभावाचा म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण रघुनाथरावांच्या बाबतीत मूल न होऊ देण्यामागे कार्यावरील निष्ठाही होती. एका व्यक्तीच्या बाबतीत स्वभाव आणि विचार वेगळे काढता येत नाहीत. म्हणूनच हे अभ्यास मोठ्या समूहांवर केले जातात.

उलट दिशेचा परिणाम

अपत्यप्राप्तीने स्वभावही बदलतो. फिनलंडमधील २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात सहभागी व्यक्तींचा स्वभाव अपत्यापूर्वी व नंतर, असा दोन्ही वेळा तपासला गेला. मिळूनमिसळून वागणाऱ्यांना मूल होण्याची शक्यता अधिक होती, तर भावनाकुल व्यक्तींना कमी. मात्र मूल झाल्यानंतर भावनाकुलता वाढली, आणि जे आधीच भावनाकुल होते त्यांच्यात ती विशेष वाढली.