आर्किटेक्टची पदवी मिळाली, आता नोकरी कुठे शोधायची?

वरळीच्या बीडीडी चाळीतली एक मुलगी तीन वर्षांपूर्वी आर्किटेक्टची परीक्षा पास झाली, तेव्हा साऱ्या मजल्यावर पेढे वाटले गेले. वडील महानगरपालिकेत सफाई कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. पेढा आम्हीही खाल्ला. पण पाच महिने लोटले तरी मुलगी घरीच! एका संध्याकाळी तिची आई आमच्याकडे आली आणि म्हणाली, "भाऊ, डॉक्टर झालेली पोर दवाखान्यात जाते, वकील झालेली कोर्टात जाते. माझ्या पोरीनं कुठं जायचं, ते तरी सांगा."

आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. आमच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून या क्षेत्रात काम करणाऱ्या चारजणांना भेटून विचारपूस केली. जे कळले ते इतर पालकांच्याही उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

पहिली गोष्ट नोंदणीची. पाच वर्षांची पदवी हाती आली म्हणून कोणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नाव नोंदवावे लागते. ही नोंदणी वेळच्या वेळी नूतनीकरण करून चालू ठेवावी लागते. या मुलीने "नोकरी लागल्यावर बघू" म्हणून अर्जच केला नव्हता. निकाल लागताच हे काम उरकावे.

दुसरी गोष्ट ओळखीची. या धंद्यातील बरीच ऑफिसे लहान असतात. जागा रिकामी झाली की पेपरात जाहिरात येत नाही. साहेब आपल्या ओळखीत विचारतात. आपल्या घरात अशी ओळख कोठून असणार? म्हणून शिकत असताना ज्या ऑफिसात प्रॅक्टिकल ट्रेनिंग होते, ती आपली पहिली ओळख समजावी. तेथून कामाचे पत्र घ्यावे आणि निकालानंतर पुन्हा जाऊन भेटावे. कॉलेजातील सर व पुढच्या वर्गातील मुले यांनाही विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट कामाच्या फाईलची. तिला पोर्टफोलिओ म्हणतात. बायोडाटापेक्षा साहेब ती आधी उघडतात. मुलीने फाईल आम्हाला दाखवली. पोहण्याचा तलाव असलेला बंगला, समुद्रकाठचे हॉटेल, मोठे संग्रहालय. आम्ही विचारले, "असा बंगला आतून कधी पाहिलास का?" ती हसली. "नाही काका, पुस्तकं बघून काढलाय."

मग आम्ही विचारले, "आणि जी जागा आतून बाहेरून माहीत आहे, ती का नाही काढलीस?" यावर ती गप्प झाली. पाच वर्षांत तिने कॉलेजच्या एकाही मैत्रिणीला घरी आणले नव्हते. पत्ता विचारला की नुसते "वरळी" सांगायची.

१९२० च्या दशकातल्या या चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, संडास सामाईक. एक खोली १६० चौरस फुटांची. त्या रविवारी मुलीने टेप घेऊन खोली मोजली. पाण्याचे पिंप, मोरी, माळा, भिंतीवरची मांडणी सारे कागदावर उतरवले. पहाटे, दुपारी आणि रात्री त्याच खोलीत सहा माणसे कशी वावरतात, कोण कोठे निजते, रात्रपाळीहून आलेले वडील दिवसा कोठे झोपतात, याचे तीन नकाशे काढले. ही पाने तिने फाईलच्या सुरुवातीला लावली.

दरम्यान एका ऑफिसने तिला "तीन महिने बिनपगारी काम करा, अनुभव मिळेल" असे सांगितले होते. आम्ही नको म्हणालो. ज्याचे घर पोरीच्या पगारावर डोळे लावून आहे, त्याने रेल्वेचा पास स्वतः काढून फुकट राबायचे, हा न्याय नव्हे. सुरुवातीचा पगार थोडा असतो, हे धरून चालावे. पण पगार, कामाची वेळ आणि काम लेखी मागावे.

पुढे जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचे काम करणाऱ्या एका ऑफिसात मुलाखत झाली. बंगल्याची पाने साहेबांनी भरभर उलटली. खोलीच्या नकाशांवर मात्र ते थांबले आणि प्रश्नामागून प्रश्न विचारू लागले. एकाही उत्तरासाठी मुलीला अडावे लागले नाही. पुढच्या सोमवारपासून ती कामावर गेली.

नुसत्या खोलीच्या नकाशांवर नोकरी मिळाली असे मात्र कोणी समजू नये. संगणकावर ऑटोकॅड तिला चांगले येत होते. मुंबईची विकास नियंत्रण नियमावली २०३४ तिने घरी बसून वाचून काढली होती. मुंबईबाहेर राहणाऱ्या मुलांनी २०२० ची राज्याची एकत्रित नियमावली वाचावी. नियम माहीत असलेला नवा मुलगा ऑफिसला पहिल्या महिन्यापासून उपयोगी पडतो.

सरकारी नोकरीचा मार्गही खुला ठेवावा. सार्वजनिक बांधकाम विभाग, म्हाडा, सिडको, महानगरपालिका येथे आर्किटेक्टची पदे असतात. सहायक नगररचनाकाराची पदे लोकसेवा आयोग भरतो, तेथे वास्तुशास्त्राचे पदवीधरही अर्ज करू शकतात. राखीव जागेसाठी जातीचे व जातवैधतेचे प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. जाहिरात आल्यावर धावपळ करून भागत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पुनर्विकासातील पहिल्या घरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या. १६० फुटांच्या जागी ५०० फुटांचे घर! त्या दिवशी मुलीची आई आम्हाला म्हणाली, "भाऊ, खोली पाडतील, पण पोरीच्या फाईलीत ती राहिली."

पालकांनो, निकालानंतर मूल चार-सहा महिने घरी दिसले तर त्याला टोचून बोलू नका. त्याची फाईल मागा, समोर बसून पाहा आणि विचारा, "यात आपलं घर कुठं आहे?"