बुकीच्या वहीतले साडेतीन गुण

अमेरिकन फुटबॉलचा सामना कोण जिंकणार, यात बुकीला फारसा रस नसतो; धंदा सोडल्यावर तो हे मोकळेपणाने सांगतोही. तगड्या संघावर तो काही गुणांचा भार टाकतो. त्याहून मोठ्या फरकाने संघ जिंकला, तरच त्याच्यावरची पैज लागते; नाहीतर समोरच्या संघावरची. १०० डॉलर कमवायला लावावे लागतात ११०. त्यामुळे शंभरात ५२ अंदाज बरोबर येऊनही गिऱ्हाईक तोट्यातच!

बुकीही बुडतो म्हणा. जानेवारी १९७९च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, पिट्सबर्गवर साडेतीन गुणांचा भार होता. पैसा तिकडेच वाहू लागल्यावर तो साडेचारवर नेला, तसा समोरच्या डॅलसवर पैसा आला. निकाल पिट्सबर्गच्या बाजूने ३५-३१. फरक नेमका चारचा. आधीचे पिट्सबर्गवाले जिंकले, नंतरचे डॅलसवालेही. लास व्हेगासच्या बुकींसाठी तो ‘ब्लॅक संडे’ ठरला.