इराण्याचे मेज

इब्रामपूर, हणखणे, तोर्से अशा पेडण्याच्या गावांतून पोटासाठी मुंबई गाठणाऱ्या माणसाला जेवणाची सोय बहुधा आपल्याच माणसांत लागे. गिरगावात कोणा ओळखीच्या बाईची खानावळ असे. तेथे हुमण-भात मिळे व पंगतीस चेहरे ठाऊकच असत. गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींचे कूडही तसेच. धोबी तलावाच्या जेर महालात गावोगावचे कूड थाटले गेले. तेथे वेदी असे आणि सायंकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होई. खानावळ काय वा कूड काय, दोहोंनी गाव मुंबईत आणून ठेवले. गावाबरोबर त्याची उच्चनीचताही आलीच.

त्याच जेर महालात १९०४ साली 'कयानी' हे इराणी उपाहारगृह निघाले. यझ्द व केरमानकडील झरतुष्ट्री लोक उपजीविकेसाठी मुंबईस आले आणि चहा-पाव विकू लागले. (हा पाव पोर्तुगीजांचा; मुंबईला त्याची गोडी लावण्यात गोवेकर भट्टीवाल्यांचा मोठा हात.) कोपऱ्याच्या जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून त्या इराण्यांस सहज मिळाल्या, असे सांगतात.

त्या काळी चहा ही साधी गोष्ट नव्हती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक प्रभृतींपुढे चहा ठेवण्यात आला, तर ते प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले व प्रायश्चित्ते घ्यावी लागली. इराण्याकडे मात्र संगमरवरी मेजाभोवती गिरणीकामगार, कारकून, विद्यार्थी, मुसलमान, ख्रिस्ती असे जागा मिळेल तसे बसू लागले. आरंभी काही दुकानांत धर्मवार निराळे कप असत, असेही ऐकिवात आहे. म्हणजे वाट एकदम मोकळी झाली नाही. परंतु इराण्याला आपल्या जातींच्या उतरंडीत पायरीच नव्हती. तो कोणाचाच नव्हता, म्हणूनच सर्वांना चालला. आपला माणूस हे काम इतक्या सहज करता ना.

या सहवासाला मर्यादाही होती. इराणी गिऱ्हाइकांची भाषा शिकला, पण सोयरीक आपल्यातच करीत राहिला. पुढची पिढी अन्य व्यवसायांत गेली आणि एकेक दुकान मिटले. धोबी तलावावरचे 'बस्तानी'ही त्यांतलेच. आणि चतुर्थीस गावी परतलेला पेडणेकर मुंबईत कोणाच्या शेजारी बसून चहा प्याला, हे घरात सहसा कोणी विचारीत नसे. तोही सांगत नसे.