मोटारीची शेपटी

आमच्याकडे गाणे शिकायला येणाऱ्या एका तरुणाने परवा शिकवणी संपताच विचारले, "गुरुजी, गाडीला मागे स्पॉयलर बसवून घेऊ का?" प्रश्न रागदारीतला नव्हता, तरी मी तंबोरा बाजूला ठेवला. या मुलाला दर पंधरा दिवसांनी आजीला घेऊन इंदूरला जावे लागते. भोपाळहून सुमारे दोनशे किलोमीटरचा रस्ता, त्यात पावसाळ्याचे दिवस, आणि गाडी जुनी. एका दुकानदाराने त्याला सांगितले होते की, मागे ही पट्टी बसवली म्हणजे वारा गाडीला जमिनीशी दाबून धरील आणि ओल्या रस्त्यावर चाके घसरणार नाहीत. पगारातून साठवलेले पैसे तो त्यावर घालायला निघाला होता.

दुकानदाराचे म्हणणे अगदीच खोटे म्हणता येत नाही, आणि घोटाळा तिथेच आहे. पळणाऱ्या मोटारीच्या छतावरून हवा वेगाने मागे उतरते, तेव्हा ती गाडीचा मागचा भाग थोडा वर उचलू पाहते. स्पॉयलर म्हणजे बिघडवणारा. हवेचा हा गुळगुळीत उतार तो बिघडवतो आणि उचल कमी करतो. १९७२ साली पोर्शे कंपनीने आपल्या ९११ कॅरेरा आरएस या गाडीला बदकाच्या शेपटीसारखा उठाव दिला, तो याचसाठी. पण त्या गाडीचे इंजिन मागे, आणि जोरही मागच्याच चाकांना.

आपल्या गाड्यांचे तसे नाही. वडील पिढीची अ‍ॅम्बॅसडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, या गाड्यांत इंजिन पुढे असले तरी जोर मागच्या चाकांना असे. १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढची चाके गाडी ओढू लागली. १९९८ साली पुढे आलेली पुण्याची इंडिकाही त्याच जातीची. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक लहान गाड्या अशाच आहेत. म्हणजे एका अर्थी आपण पुन्हा बैलगाडीकडे वळलो. ओढणारा पुढे, ओझे मागे.

आणि बैलगाडीत मागे जास्त वजन पडले तर काय होते, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलते. स्पॉयलर मागच्या चाकांच्याही मागे बसतो. तिथे वाऱ्याने खाली दाबले तर ओढणाऱ्या पुढच्या चाकांवर भार वाढत नाही. झालाच तर किंचित कमी होतो. तेव्हा चढावर किंवा चिखलात पुढची चाके जागच्या जागी फिरत असतील, तर ही शेपटी त्यांना काही मदत करणार नाही.

मग पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीला तिचा उपयोगच नाही काय? तसेही नाही. मागची चाके ओढत नसली तरी गाडीची दिशा सांभाळतात. ऑडी कंपनीची टीटी नावाची गाडी १९९८ साली बाजारात आली. जर्मनीच्या महामार्गांवर फार मोठ्या वेगात एकदम वळवताना तिचा मागचा भाग सुटू लागला, त्यात माणसे दगावली. शेवटी कंपनीला विकलेल्या गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर लावावा लागला. त्याबरोबर इतरही दुरुस्त्या कराव्या लागल्या. त्या गाडीचा एक प्रकार पुढच्याच चाकांनी चालणारा होता.

प्रश्न उरतो तो वेगाचा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. ढोबळ हिशेब केला तर चांगल्या, विचारपूर्वक घडवलेल्या स्पॉयलरने लहान गाडीच्या मागे ताशी ५० किलोमीटरला दोन-अडीच किलोचा फरक पडेल, १०० ला नऊ-दहा किलोचा, आणि २०० ला अडतीस-चाळीस किलोचा. गाडीचे स्वतःचे वजन आठशे-हजार किलो! आमच्या शहरातल्या वेगाला ही शेपटी जे करील ते डिकीत ठेवलेली पिठाची पिशवीही करील. शिवाय दुकानात मिळणारी पट्टी त्या गाडीच्या आकाराला जुळेलच असे नाही.

मला या चाकांची जाण पुस्तकातून आली नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीचे दोन टायर झिजले. ज्याच्याकडे गेलो तो म्हणाला, जोर पुढच्या चाकांना, म्हणून नवे टायर पुढे घाला. मला पटले. पहिल्याच पावसात मोठ्या तलावाच्या कडेने व्हीआयपी रोडवरच्या एका वळणावर समोर कुत्रे आले. मी घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. गाडीचा भार पुढे सरकला, हलक्या झालेल्या मागच्या झिजक्या चाकांनी ओला रस्ता सोडला, आणि गाडी आडवी फिरून उभी राहिली. शेजारी पत्नी होती. मागून कोणी आले नाही, एवढेच दैव. पुढे कळले की, दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे घालावेत, असा टायर बनवणाऱ्यांचाच सल्ला असतो. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते. मागची घसरली तर सावरायला वेळच उरत नाही.

सतारीला वर दुसरा भोपळा लावतात. रविशंकरांच्या सतारीला तो होता, विलायत खाँसाहेबांच्या सतारीला नव्हता. दोघांच्या सुरांत उणे काही नव्हते. शोभा म्हणून तो भोपळा कोणी लावावा, माझी हरकत नाही. पण तारा गंजल्या असताना भोपळ्यावर खर्च करणाऱ्याला मी शिष्य करून घेणार नाही.

त्या मुलाला मी अंगणात नेले आणि टायरच्या खाचा दाखवल्या. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की खोली १.६ मिलिमीटर उरली, टायर बदललाच पाहिजे. पुढचे दोन अजून बरे होते, मागचे दोन मात्र उंचवट्यांना टेकले होते. स्पॉयलरच्या पैशांत थोडी भर घालून दोन नवे टायर आले आणि ते मागे बसले. परवाच्या शनिवारी भर पावसात तो आजीला घेऊन इंदूरला गेला, आणि रविवारी संध्याकाळी, थोडा उशिरा का होईना, शिकवणीला हजर झाला.